ईईजी न्यूरोफीडबॅक: सत्र सुरू करण्याआधी सिग्नल कसा तपासायचा

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी (ईईजी) मोजून, हवा तो बदल झाला की लगेच बक्षीस देत त्या लहरी बदलायला शिकवणं. पण त्याच्या सॉफ्टवेअरला मेंदू दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो दोन इलेक्ट्रोडमधला बदलता विद्युतदाब. ठरवलेल्या बँडमध्ये (वारंवारतेच्या पट्ट्यात) तो थ्रेशोल्डच्या (आखलेल्या मर्यादेच्या) वर गेला की आवाज वाजतो, चित्र पुढे सरकतं, गुण मिळतो. बीटा (जलद लहरी) वाढवण्याचं प्रशिक्षण चालू असताना मुलानं दाढा आवळल्या तरी बीटा वाढलेलाच दिसतो आणि बक्षीसही मिळतं. ज्याला बक्षीस मिळतं ते पुन्हा घडतं. काही सत्रांनंतर मूल दाढा आवळण्यात तरबेज होतं, आणि प्रगतीचा आलेख मात्र छान चढता दिसतो. थीटा (संथ लहरी; डेल्टा त्याहून संथ) कमी करण्याच्या प्रशिक्षणात उलटा प्रकार होतो. पापणी मिटली की डेल्टा-थीटा उसळतो, बक्षीस थांबतं, आणि मूल डोळे ताणून बसायला शिकतं.

खराब सिग्नलवर घेतलेलं सत्र नुसतं वाया जातं एवढ्यावर भागत नाही. त्यातून नको ते शिकवलं जातं. म्हणून प्रोटोकॉल (कुठला बँड कुठे वाढवायचा किंवा कमी करायचा याची योजना) कोणता, यावर चर्चा करण्याआधी सिग्नल स्वच्छ आहे का, हे पाहायला हवं. खाली दिलेली पद्धत एक-दोन चॅनेलच्या, पेस्ट लावून बसवायच्या इलेक्ट्रोडसाठी आहे, कारण दवाखान्यांत आणि घरी बहुतेक काम त्यावरच होतं.

आपण काय मोजतो आहोत

डोक्याच्या त्वचेवर ईईजीचा दाब साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. त्याच खोलीत भिंतीतून २३० व्होल्टची ५० हर्ट्झची वीज धावत असते आणि माणसाचं शरीर अँटेनासारखं ती पकडत असतं. तरीही ईईजी मोजता येतो, याचं कारण अॅम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोजतो. दोन्हीकडे सारखाच आलेला दाब वजाबाकीत निघून जातो.

पण ही वजाबाकी दोन्ही संपर्क सारखे असतील तरच नीट होते. एका इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (संपर्कातला विद्युत अडथळा) ३ किलोओहम आणि दुसऱ्याचा ३० किलोओहम असेल, तर तीच वीज दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रमाणात शिरते आणि उरलेला फरक सिग्नल म्हणून पडद्यावर येतो. म्हणजे सगळे इलेक्ट्रोड चांगले असावेत आणि एकमेकांइतकेच चांगले असावेत, अशा दोन अटी आहेत. पहिली सगळ्यांना ठाऊक असते, दुसरी सहसा विसरली जाते.

खोली आणि वीज

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दोन पिनांच्या चार्जरवर चाललेल्या लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर होणारी हलकी झिणझिण तुमच्या सिग्नलमध्येही येते. चार्जर लावणं भागच असेल तर तीन पिनांचा वापरा, आणि सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते. अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालणारा किंवा वैद्यकीय दर्जाचं आयसोलेशन (मेन्सपासून अलगपणा) असलेलाच हवा. ही सुरक्षेची अट आहे, त्यात तडजोड नाही. घरी जोडलेलं सर्किट मेन्सला लावून कुणाच्याही डोक्याला जोडू नका.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात आणि त्यात ५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारता भरपूर असतात, म्हणून इन्व्हर्टरवर सत्र घ्यायचं तर आधी दोन मिनिटं सिग्नल पाहून ठरवा. दिव्यांचे डिमर, जुन्या ट्यूबचे चोक, पंख्याचे रेग्युलेटर आणि खुर्चीखालून गेलेली एक्स्टेन्शन बोर्डाची वायर हे नेहमीचे गुन्हेगार. खुर्ची भिंतीपासून मीटरभर पुढे घ्या. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून दुसऱ्या टेबलावर ठेवा.

पंख्याकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यानं केस आणि वायर हलतात, पेस्ट वाळते. पंखा बंद केला तर घाम येतो आणि घामानं सिग्नल वर-खाली वाहू लागतो. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हा पेच रोजचा आहे. एसी २४–२५ अंशांवर ठेवून त्याचा झोत डोक्यावर येऊ न देणं हा उत्तम उपाय. एसी नसेल तर सकाळची वेळ ठरवा आणि टेबल फॅन पायांच्या दिशेनं लावा.

त्वचेची तयारी

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो विजेला अडवतो. त्यावर खोबरेल तेल असेल तर पेस्ट बसतच नाही. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा: रात्री किंवा सकाळी शांपूनं केस धुवायचे, कंडिशनर, तेल, जेल काही लावायचं नाही, आणि केस पूर्ण वाळवून यायचं. तेल लावून आलेल्या व्यक्तीचं सत्र पुढे ढकललं तरी चालेल. ते पुसत बसण्यात वीस मिनिटं जातात आणि सिग्नल कच्चाच राहतो.

कंगव्याच्या टोकानं केसांत भांग पाडा, म्हणजे त्वचा उघडी दिसेल. कापसाच्या काडीवर वाटाण्याएवढं अॅब्रेसिव्ह जेल (न्यूप्रेपसारखं) घेऊन एक सेंटिमीटरच्या वर्तुळात दहा-पंधरा वेळा घासा. मध्यम जोर पुरे. त्वचा किंचित गुलाबी झाली की थांबा. रक्त येईपर्यंत घासणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. पुरळ, जखम किंवा सोरायसिस असलेल्या जागी घासू नका. मग ओल्या गॉझनं जेल पुसून घ्या, कारण उरलेलं जेल वाळलं की संपर्क बिघडतो.

कानाच्या पाळ्या अजिबात विसरू नका. तिथली त्वचा तेलकट असते, आणि रेफरन्स (ज्याच्याशी फरक मोजतात तो इलेक्ट्रोड) किंवा ग्राउंड (शरीराला यंत्राशी जोडणारा सामाईक इलेक्ट्रोड) बहुधा तिथेच असतो. पाळीच्या दोन्ही बाजू घासा. कुडी, झुबे, बुगडी आधीच काढून ठेवायला सांगा. पाळीचं भोक मोठं असेल आणि क्लिप बसत नसेल, तर कानामागच्या मॅस्टॉइड हाडावर कप इलेक्ट्रोड लावा. मग पुढच्या प्रत्येक सत्रातही तिथेच लावा. रेफरन्सची जागा बदलली की मायक्रोव्होल्टचे आकडे बदलतात आणि मागच्या सत्राशी तुलना निरर्थक ठरते.

जागा मोजणं

अंदाजानं इलेक्ट्रोड लावू नका, शिंप्याची टेप वापरा. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांमध्ये असलेल्या खोलगट जागेपासून (नेझिऑन) डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत (इनिऑन) अंतर मोजा. समजा ३६ सेंटिमीटर आलं, तर निम्म्यावर, १८ वर खूण करा. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत, त्या खुणेवरून टेप नेत मोजा. समजा ३४ आलं, तर १७ वर दुसरी खूण. दोन्ही खुणा जिथे जुळतात तो सीझेड (Cz), म्हणजे माथ्याचा मध्य. तिथून डावीकडे कानाच्या दिशेनं ३४ च्या २० टक्के, म्हणजे ६.८ सेंटिमीटरवर सी३. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर सी४. सीझेडच्या मागे ३६ च्या २० टक्के, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर पीझेड.

सीझेडचा एक फायदा लक्षात ठेवण्याजोगा आहे: डोक्याच्या माथ्याखाली स्नायू नाहीत, पातळ पडदा आहे. त्यामुळे स्नायूंचा गोंगाट तिथे सर्वांत कमी असतो. टी३, टी४ या जागा कानशिलाच्या स्नायूवरच येतात, तर एफपी१, एफपी२ कपाळाच्या स्नायूवर आणि डोळ्यांच्या अगदी जवळ. तिथे बीटाचं प्रशिक्षण द्यायचं तर फार सांभाळावं लागतं. नवशिक्यांनी तिथे सुरुवात करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रोड बसवणं आणि इम्पीडन्स

कपात पेस्ट किंचित शिगेला भरा. थोडी पेस्ट थेट त्वचेवर लावा, कप दाबून ठेवा आणि वर दोन सेंटिमीटरचा गॉझचा तुकडा दाबून बसवा. केस कपाखाली अडकू देऊ नका. पेस्ट जास्त झाली आणि शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरली, तर दोन्ही विद्युतदृष्ट्या एक होतात. ही चूक फसवी आहे: इम्पीडन्स उत्तम दिसतो, पण त्या दोघांतला सिग्नल जवळजवळ सपाट येतो. एका सत्रात एकाच धातूचे इलेक्ट्रोड वापरा. सोनं आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइड मिसळले की त्यांच्यात कायमचा दाब तयार होतो आणि सिग्नलची मूळ रेषा सरकत राहते.

वायर एकत्र करून सैल वेणी घाला, मानेमागून खाली घ्या आणि कॉलरला क्लिपनं अडकवा, म्हणजे मान हलली तरी ओढ इलेक्ट्रोडवर येत नाही.

आता इम्पीडन्स मोजा. नेहमीचा निकष असा: प्रत्येक इलेक्ट्रोड ५ किलोओहमच्या खाली आणि आपसांतला फरक २ किलोओहमच्या आत. इनपुट इम्पीडन्स खूप जास्त असलेले आजचे अॅम्प्लिफायर १०–२० किलोओहमवरही काम करतात, पण सारखेपणाची अट तिथेही लागू आहे. हे मोजमाप ईईजीच्या मीटरनंच करा. तो अल्टरनेटिंग करंट वापरतो. साध्या मल्टिमीटरचा डीसी करंट इलेक्ट्रोडला ध्रुवित करतो, आकडा चुकीचा देतो, आणि माणसाच्या डोक्याला तो कधीच लावायचा नसतो.

आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा घासू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. पेस्ट त्वचेत मुरते आणि इम्पीडन्स आपोआप उतरतो. तरीही उतरला नाही तर तो एकच इलेक्ट्रोड काढून पुन्हा बसवा. सगळे आकडे जास्त असतील तर संशय आधी ग्राउंड आणि रेफरन्सवर घ्या.

कच्चा सिग्नल पाहणं

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. बँडचे रंगीत पट्टे बंद करा. कच्चा सिग्नल, नॉच फिल्टर (विजेची एकच वारंवारता गाळणारा) न लावता, ±५० मायक्रोव्होल्टच्या पट्टीवर दोन मिनिटं पाहा. सोबत स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती आहे याचा आलेख) उघडा ठेवा.

चांगला सिग्नल अनियमित, बारीक लहरींचा असतो. स्पेक्ट्रम डावीकडे उंच आणि उजवीकडे हळूहळू उतरता. बहुतेक मोठ्यांत ८–१२ हर्ट्झमध्ये एक उंचवटा. ५० वर उंच सुळका असेल तर संपर्क असमान आहे किंवा जवळ विजेचा स्रोत आहे. २० च्या पुढे स्पेक्ट्रम उतरण्याऐवजी सपाट किंवा चढता असेल तर ते स्नायू.

यानंतर समोरच्या व्यक्तीला एकेक कृती करायला सांगा आणि प्रत्येकीचा ठसा पडद्यावर ओळखून ठेवा. पाच वेळा पापण्या मिटायला सांगा: कपाळाजवळच्या चॅनेलवर शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टच्या मोठ्या, गोल लाटा येतात, सीझेडवर त्या खूपच लहान असतात. दाढा आवळायला सांगा: रेषा जाड, केसाळ होते. बीटा उडी मारतो, जोरात आवळल्यास अल्फाच्या (८–१२ हर्ट्झ) बँडपर्यंतही वाढ दिसते. भुवया वर करायला, थुंकी गिळायला, जीभ टाळूला लावायला, डोळे डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. याचा दुहेरी उपयोग होतो. तुमचे डोळे तयार होतात, आणि मुलालाही कळतं की दात आवळल्यानं पडदा खराब होतो. मुलं हे पटकन उचलतात, आणि मग स्वतःहून जबडा सैल ठेवतात.

आता सगळ्यात विश्वासार्ह चाचणी. एक इलेक्ट्रोड पीझेड किंवा ओ१ (डोक्याच्या मागच्या बाजूची जागा) वर ठेवा. तीस सेकंद डोळे उघडे, तीस सेकंद मिटलेले, असं दोनदा करा. डोळे मिटताच अल्फा वाढला आणि उघडताच खाली आला, तर तुम्ही मेंदूच मोजत आहात. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरनं १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीबद्दलचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या त्या सुरुवातीच्या कामातूनच हा गुण समोर आला, आणि त्याहून साधी कसोटी आजही नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही निरोगी लोकांत अल्फा मुळातच कमी असतो, म्हणून अल्फा न दिसणं हा दोषाचा पुरावा नाही. आणि लहान मुलांत तो संथ असतो: तीन वर्षांच्या मुलात ८ हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे ८–१२ चा बँड लहानग्यांना जसाच्या तसा लावू नका.

नाडीच्या ठोक्याबरोबर, सेकंदाला साधारण एकदा, टोकदार खूण येत असेल तर ती हृदयाची. मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का पाहा. कानाच्या रेफरन्सवर हे बऱ्याचदा दिसतं. दोन्ही कान जोडून रेफरन्स घेतला तर ते कमी होतं. ठोक्याबरोबर टोकाऐवजी गोल, मऊ लाट आली तर इलेक्ट्रोड रक्तवाहिनीवर बसला आहे. तो सेंटिमीटरभर सरकवा. अचानक उभी उडी आणि मग हळू उतार दिसला तर तो इलेक्ट्रोड सुटतो आहे.

सॉफ्टवेअरमधल्या सेटिंग

कच्चा सिग्नल पसंत पडल्यावरच फिल्टर लावा. अमेरिकेतून आलेल्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये नॉच ६० हर्ट्झवर असतो. आपल्याकडे तो ५० वर आणावा लागतो. याच कारणानं आणखी एक गफलत होते आणि ती सहज लक्षात येत नाही. स्नायूंचा गोंगाट पकडण्यासाठी तिकडच्या बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये ४३–५९ हर्ट्झचा इनहिबिट (ज्यात वाढ झाली की बक्षीस अडतं असा बँड) असतो. तिकडची वीज ६० वर असल्यानं तो बँड तिथे सुरक्षित आहे. आपली वीज त्याच्या अगदी मधोमध येते. परिणामी माणूस शांत बसलेला असतानाही इनहिबिट पेटतो, बक्षीस अडतं, आणि वैतागून कुणीतरी त्याचा थ्रेशोल्ड इतका वाढवतो की खरे स्नायूही निसटतात. हा बँड ३५–४५ करा.

डोळ्यांसाठी १–४ हर्ट्झचा दुसरा इनहिबिट ठेवा. त्याशिवाय कच्चा सिग्नल ±१०० मायक्रोव्होल्टच्या बाहेर गेला की बक्षीस पूर्ण थांबेल असं करा. पापणी मिटणं ही शिक्षा वाटू नये म्हणून थांबणं शांत असावं. कर्कश आवाज लावला की मूल डोळे ताणतं.

आपोआप सरकणारा थ्रेशोल्ड सोयीचा वाटतो, पण तो सिग्नलचा दोष झाकतो. इलेक्ट्रोड सुटला, गोंगाट दुप्पट झाला, तरी थ्रेशोल्डही वर सरकतो आणि बक्षिसाचं प्रमाण ठरलेल्या ७० टक्क्यांवर राहतं. पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. सुरुवातीच्या तीन मिनिटांच्या नोंदीवरून (बेसलाइन) थ्रेशोल्ड ठरवा, मग तो हातानं बदला, आणि बदलण्याआधी कच्चा सिग्नल पाहा.

नॉच लावल्यानं ५० चा सुळका दिसेनासा होतो, पण तो ज्यामुळे आला तो असमान संपर्क तसाच राहतो, आणि वायर हलल्यावर त्याच संपर्कातून १२–१५ हर्ट्झच्या बँडमध्येही कचरा शिरतो.

सत्र चालू असताना

पडद्याच्या कोपऱ्यात कच्चा सिग्नल सतत दिसू द्या. दर पाच मिनिटांनी इम्पीडन्स पाहा, किंवा निदान ५० हर्ट्झचा आकडा तरी. मिठाच्या पाण्याचे स्पंज इलेक्ट्रोड असतील तर अर्ध्या-पाऊण तासात ते वाळतात. मध्येच ड्रॉपरनं दोन थेंब घाला. ड्राय इलेक्ट्रोडच्या हेडबँडमध्ये संपर्काचा इम्पीडन्स मुळातच खूप जास्त असतो, म्हणून हालचाल अजिबात नको.

खुर्चीला मानेचा आधार द्या. मान पुढे काढून पडद्याकडे पाहणाऱ्याच्या मानेचे स्नायू ओ१, ओ२ वर दिसतात. एसएमआर (१२–१५ हर्ट्झचा बँड) किंवा बीटा अचानक वाढला तर खुश होण्याआधी ३५–४५ चा बँड पाहा. दोन्ही एकदम वाढले असतील तर ते यश जबड्याचं आहे. व्यक्तीला ओठ मिटून दात किंचित विलग ठेवायला, खांदे सोडायला सांगा.

वारंवार टोकदार स्पाइक आणि मागोमाग संथ लाट दिसली, व्यक्ती कोणतीही हालचाल करत नसताना, तर सत्र थांबवा आणि न्यूरोलॉजिस्टकडे पाठवा. न्यूरोफीडबॅकच्या एक-दोन चॅनेलवरून निदान करायचं नसतं, आणि फिट्सची औषधं त्यावरून बदलायची नसतात.

दोष कुठे आहे ते शोधणं

सगळे चॅनेल खराब असतील तर रेफरन्स किंवा ग्राउंड. एकच खराब असेल तर तो इलेक्ट्रोड किंवा त्याची वायर. नक्की कोण हे ठरवायला दोन चॅनेलच्या वायर अॅम्प्लिफायरवर अदलाबदल करा. दोष वायरबरोबर गेला तर वायर, इलेक्ट्रोड किंवा त्याची बैठक. जागेवरच राहिला तर अॅम्प्लिफायरचं इनपुट.

इलेक्ट्रोड की बैठक, हे असं कळतं: सगळे इलेक्ट्रोड काढून धुवा आणि वाटीभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात एकत्र बुडवा. आता रेषा जवळपास सपाट यायला हवी. एखाद्याची थरथरत असेल तर तो इलेक्ट्रोड किंवा वायर बाद. सगळे सपाट आले तर दोष बैठकीचा होता. वाटीतून काढताच साध्या पाण्यानं धुवा. वायर बहुतेक वेळा प्लगच्या मानेशी तुटते. माणसाला न जोडलेल्या वायरची सलगता मल्टिमीटरवर, वायर वाकवत वाकवत तपासा. वाकवताना आकडा उडत असेल तर ती फेकून द्या.

सत्रानंतर

पेस्ट वाळण्याआधी इलेक्ट्रोड कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून मऊ टूथब्रशनं धुवा. सिल्व्हर क्लोराइडचा थर पातळ असतो; नखानं, पिननं किंवा तारेच्या घासणीनं तो खरवडला की इलेक्ट्रोडमधून गोंगाट येऊ लागतो. वायरचा प्लग ओला होऊ देऊ नका. मग उत्पादकानं सांगितलेल्या जंतुनाशकानं पुसा आणि सावलीत, वायर न गुंडाळता, टांगून वाळवा.

नोंदवहीत तारीख, जागा, रेफरन्स, सुरुवातीचे आणि शेवटचे इम्पीडन्स, ५० हर्ट्झचा आकडा, नॉच चालू की बंद, आणि आर्टिफॅक्टमुळे (मेंदूबाहेरून आलेल्या गोंगाटामुळे) सत्राचा किती टक्के वेळ गाळला गेला, हे लिहा. एखाद्या सत्रात तो २५–३० टक्क्यांवर गेला तर त्या दिवसाचे बँडचे आकडे प्रगतीच्या आलेखात धरू नका. केस धुतले होते का, इन्व्हर्टर चालू होता का, सर्दी होती का, हेही एका ओळीत टिपा. महिनाभरानं आलेख वर गेलेला दिसला, की तो मेंदूमुळे गेला की नव्या वायरमुळे, याचं उत्तर त्या ओळींत सापडतं.